दीप्तीचं वजन

"राहू दे हात खिशात, गारठलीयस," असं म्हणत शबनूरनं दीप्तीला वजनकाट्यावर उभं केलं. आकडे थोडे हलले आणि थांबले. स्वेटरचं वजन वजा धरूनही अकरा किलो आठशे. मागच्या महिन्यापेक्षा तीनशे ग्रॅम जास्त.

"वाजवा रे टाळ्या!"

शिरोलीच्या फौंड्र्यांमागं, पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत शबनूरची ही अंगणवाडी भरते. सतरा पोरं जीव तोडून टाळ्या वाजवू लागली. ज्याचं वजन वाढलं त्याला टाळ्या, ही शबनूरचीच पद्धत. चार वर्षांची दीप्ती लाजली, काट्यावरून उडी मारून उतरली, आणि भावाच्या त्या गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या स्वेटरमधून काहीतरी ठणकन फरशीवर पडलं.

लोखंडाचा तुकडा होता. ओतकामातून उरलेला, लिंबाएवढा. असे तुकडे इथल्या रस्त्यावर खड्यांसारखे पडलेले असतात. मदतनीस झुंबरबाईंनी दीप्तीचे दोन्ही खिसे उलटे केले, तेव्हा आणखी तीन निघाले.

शबनूरनं तिला पुन्हा काट्यावर चढवलं. दहा किलो नऊशे. पोरांतल्या गुंडूनं सवयीनं एक टाळी वाजवली आणि सगळ्यांकडं बघून हात मागं घेतले.

"ह्ये कशाला घेतलंस गं?"

"जड व्हाया," दीप्ती म्हणाली. तिला यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "दगुडापेक्षा लोखंड जड असतंय, बाई. बारकं असलं तरी. तुम्हीच दावलं की."

दाखवलं होतं खरं. कपड्यांच्या हँगरला दोन करवंट्या बांधून शबनूरनं ऑक्टोबरमध्ये तराजू केला होता. एका करवंटीत मोठा दगड, दुसरीत लोखंडाचा लहानसा तुकडा. कुठली बाजू खाली जाईल, सांगा. सगळी पोरं दगड दगड म्हणून ओरडली. दीप्ती तेवढी दोन्ही हातांत दोन्ही वस्तू तोलून बघून म्हणाली, लोखंड. खेळता खेळता विज्ञान शिकवायची शबनूरला भारी हौस. पोरगी किती हुशार आहे हे त्या दिवशी तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

आणि त्याच आठवड्यात तिनं दीप्तीच्या आईला, अंजनाला, इथंच बसवून दुसरंही सांगितलं होतं. वजन वाढलं नाही तर पोरीला घेऊन चौदा दिवस दवाखान्यात राहावं लागेल. अंजना फौंड्रीत ठेकेदाराकडं वाळूचे साचे करते. चौदा दिवस खाडा झाला तर जागा गेलीच. ती पदर तोंडाशी धरून रडली, तेव्हा दीप्ती बाजूला करवंट्यांशी खेळत होती. पोरं खेळत असली की त्यांना ऐकू येत नाही, असं मोठ्या माणसांना का वाटतं कोण जाणे.

शबनूर खाली बसली.

"मागल्या महिन्यात किती घातलं हुतंस खिशात?"

दीप्तीनं दोन बोटं दाखवली.

"त्याच्या आदी?"

एक.

रजिस्टर उघडून शबनूरनं मनातल्या मनात वजाबाकी केली. तक्त्यावरची जी रेघ दोन महिने वर चढत होती, जी तिनं बैठकीत सगळ्यांना कौतुकानं दाखवली होती, ती खरं तर खालीच चालली होती. पोरगी सुधारली म्हणून डिसेंबरपासून तिनं घरच्या कोंबडीचं उकडलेलं अंडं दीप्तीऐवजी गुंडूला द्यायला सुरुवात केली होती. ते अंडं आण म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, की बंद कर म्हणूनही सांगितलं नव्हतं. तिला स्वतःची मनस्वी चीड आली.

जेवणाच्या सुट्टीत अंजना आली. कोपरापर्यंत काळी वाळू, आणि येताना पळत आल्यामुळं दम लागलेला.

"वाढलं न्हवं, बाई?"

व्हय म्हटलं असतं तर ती पोरीचा मुका घेऊन कामावर गेली असती. झुंबरबाईंनी खिडकीकडं तोंड केलं.

"न्हाय, अंजनाताई." शबनूरनं चारही तुकडे तिच्यासमोर ठेवले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "उद्याच दवाखान्यात न्यायला पायजे. तिला बोलू नका. चूक माझी हाय. थंडी म्हणून मी स्वेटर काढला न्हाय."

अंजना तुकड्यांकडं बघत राहिली. शबनूरला वाटलं, आता ही आपल्याला तोंडाला येईल ते बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. पण अंजनानं वाकून दीप्तीला उचललं, कमरेवर घेतलं आणि एकदा जरा वर उचलून नीट बसवलं.

"दोन म्हैनं झालं, उचलताना हलकी लागत हुती," ती म्हणाली. "पर तुमचा काटा वाढलंय म्हणत हुता न्हवं. म्हटलं, माझ्याच हाताला कळंना झालंय."