आत्याच्या पायातला दोरा

मित्रांनो, मी पतंगाच्या दोऱ्याची एक जुनी फिरकी. माझ्या एका दांड्याला चीर गेली आहे आणि पोटावरचा रंग कधीच उडाला आहे. कपाटावर पडल्या पडल्या जे आठवते, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका कातारी आजोबांच्या हातून झाला. ते टेबलांचे पाय, पाळण्यांचे दांडे असे काय काय कातून देत. एकदा शिसवी लाकडाचा तुकडा उरला. चुलीत घालायला त्यांचा जीव झाला नाही, म्हणून त्यांनी मला घडवले आणि आपल्या लेकीला दिले. ही लेक म्हणजे माझी मालकीण. घरातले सगळे तिला आत्या म्हणत, कारण तिच्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणे आणि त्या मुलीपुढे घरात कोणाचे काही चालत नसे. त्या मुलीच्या तोंडाला जन्मापासून कुलूप नव्हते. म्हणून आत्याने तिचे नाव ठेवले टिटवी.

आत्या शिवणकाम करी. रस्त्याकडच्या खोलीत तिचे पायाने चालवायचे मशीन होते. दिवसभर मान खाली आणि पाय चालू. ऊन कलले की ती अंगावरचे दोरे झटकी, मला उचली आणि लोखंडी जिन्याने गच्चीवर जाई.

"दिवसभर मान मोडून घेतली," ती म्हणे, "आता जरा वर बघू दे."

ती पतंग उडवी आणि टिटवी मला धरी. दोन्ही दांडे तळहातांवर सैल ठेवायचे, म्हणजे मी मोकळी फिरते. आत्याने ढील दिली की मी अशी गरगरायची, की टिटवीच्या हातांना गुदगुल्या होत. तेव्हा मला वाटे, लाकडाच्या जन्माला आले तरी माझे सोने झाले.

आत्याचा पतंग फार उंच जाई. पण शेजाऱ्यांना कौतुक होते ते तिच्या गुंडाळण्याचे. पतंग उतरला की ती दोरा बोटांत ताणून धरी आणि टिटवीकडून मला फिरवून घेई. एकदा डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. कुठे ढीग नाही, कुठे सैल फेरा नाही. शेवटचे टोक ती माझ्या कडेच्या खाचेत अडकवी.

"आत्या, उद्या गुंडाळू ना! भूक लागली," टिटवी कुरकुर करी.

"भूक थांबते गं. दोरा थांबत नाही. पाठ फिरली की तो आपला संसार मांडून बसतो."

मित्रांनो, टिटवी मोठी झाली. तिला मैत्रिणी मिळाल्या. आता आत्याला कामातून उठायला उशीर झाला, तर टिटवी मला घेऊन एकटीच वर जाई. मला कोणी धरणारे नसे. मी जमिनीवर लोळत फिरायची.

एका संध्याकाळी वारा एकाएकी पडला आणि पतंग गोते खाऊ लागला. टिटवीने हातानेच भराभरा दोरा ओढला. पतंग वाचला, पण दोऱ्याचा ढीग तिच्या पायांशी, जिन्याच्या तोंडापाशी पडला. इतक्यात खालून मैत्रिणींनी हाका मारल्या. तिने पतंग टाकीवर ठेवला, ढिगाकडे एकदा पाहिले आणि उड्या मारत निघून गेली. मी हातभर अंतरावर रिकामी पडले होते. मला पाय नाहीत, वाचा नाही.

थोड्या वेळाने आत्या वाळलेले कपडे काढायला आली. उजेड कमी झाला होता. कपड्यांचा भारा छातीशी धरून ती परत वळली, तेव्हा तिला पायाखालचे दिसले नाही. आधी चप्पल अडकली. मग जिना वाजला. तो आवाज मी अजून विसरले नाही.

आत्याचा खुबा मोडला. दवाखान्यातून ती घरी आली, पण तो पाय पुन्हा मशीन चालवू शकला नाही. गिऱ्हाइके कापड घेऊन येत, तिची विचारपूस करत आणि कापड घेऊन परत जात. पडलीस कशी, असे कोणी विचारले की आत्या म्हणे, "चप्पल घसरली." आणि टिटवी? टिटवीने तोंडच मिटले. घरात कधी नव्हती एवढी शांतता झाली.

एके दिवशी आत्याच्या भावाने गच्ची आवरली. एका हातात मी आणि दुसऱ्या हातात तो गुंता, असा तो खाली आला. "हे आता फेकून देऊ," म्हणत त्याने कात्री उचलली.

"बाबा, नको!" टिटवी ओरडली. मग आत्याच्या खाटेपाशी बसून रडू लागली. "आत्या, तो दोरा मी टाकला होता. तुझी चप्पल घसरली नव्हती."

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली. "पायातून मीच नाही का सोडवला?"

भावाने कात्री खाली ठेवली आणि तो बाहेर गेला. आत्याने मला मांडीवर घेतले.

"आण इकडे. ओढू नकोस, ओढलं की गाठ घट्ट होते. आधी टोक शोध. मग सगळं सैल कर, केसांत बोटं फिरवल्यासारखं."

रोज दुपारी दोघी बसत. टिटवी सोडवी, आत्या मला फिरवी. पुष्कळ दिवस गेले. अखेर सगळा दोरा पूर्वीसारखा माझ्या अंगावर बसला. आत्याचा पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

"जा, उडवून ये," आत्या तिला म्हणाली. "मी खिडकीतून बघते."

टिटवी मला घेऊन गच्चीवर गेली. पतंग उंच गेला, तशी तिने माझ्यावरचा बराच दोरा सोडला. मग शहाण्यासारखा सगळा गुंडाळून, टोक खाचेत अडकवून ती खाली आली.

"दिसला का गं?"

"दिसला की! छान चढवलास."

मित्रांनो, त्यानंतर माझी जागा आत्याची खाट असलेल्या खोलीतल्या कपाटावर झाली. तिथून ती खिडकी समोरच दिसते. तिच्यातून पलीकडच्या घराची भिंत दिसते. आभाळ दिसत नाही. टिटवीलाही ते ठाऊक होते. तिने आत्याच्या पायावरचे पांघरूण नीट केले आणि पुन्हा पतंग हातात घेतला नाही. आता आत्या नाही. टिटवी दूर असते.

मला वापरा म्हणून मी तुमच्या मागे लागणार नाही. फिरकी नसेल तर डबा घ्या, काठी घ्या. पण दोरा ताणून, एकसारखा गुंडाळा, टोक अडकवा आणि कोरड्या जागी ठेवा. मोकळा टाकून खाली जाऊ नका. तुमच्या मागून कोणीतरी वर येणार असते.