आदर्श पालकाची कंबर

टेलरच्या मुलीच्या पायांत बळ नव्हतं, म्हणून तो तिला रोज पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावरच्या वर्गात पोचवायचा. ती पाचवीत असताना शाळेनं सांगितलं होतं, सोय तात्पुरती आहे. आता ती दहावीत होती आणि सोय अजून तात्पुरतीच होती. मुलगी तेवढी वाढली होती. "आता वजन उचललंत तर कायमचे आडवे व्हाल," असं डॉक्टरांनी बजावल्यावर, वर्ग खाली आणा म्हणायला तो मुख्याध्यापकांच्या खोलीत आला आणि मुलीला खुर्चीत बसवून उभा राहिला.

"अहो, तुमचाच विषय चालला होता!" मुख्याध्यापक म्हणाले. "यंदाचा आदर्श पालक पुरस्कार तुम्हाला!"

"वर्गाचं काय, सर?"

"कार्यक्रम गच्चीवर आहे. हिला पाठीवर घेऊनच या, म्हणजे जिन्यात फोटो होईल."

"गच्चीवर?"

"तुम्हाला काय हो, सवय आहे!"

"सर, हे ऑफिस वर गेलं, तर इथं वर्ग बसेल."

मुख्याध्यापकांनी गुडघा चोळला. "जिना म्हटलं की माझा जीव जातो. तुम्हाला नाही कळायचं ते."

टेलरला हसावं की रडावं कळेना. दोन्हीला कंबर लागते, म्हणून त्यानं काहीच केलं नाही.

"पुढच्या वर्षी नक्की बघू."

"पुढच्या वर्षी ही कॉलेजात, सर."

"बघा! म्हणजे प्रश्न आपोआपच सुटला."

"बाबा, तू दुकानात जा," मुलगी म्हणाली. "मी इथंच बसते. सर, गणिताच्या सरांना खाली पाठवा. त्यांचे गुडघे चांगले आहेत."

"अगं, हे ऑफिस आहे! अहो, उचला हिला."

टेलर सवयीनं वाकला. मुलीनं दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. तो क्षणभर तसाच अर्धवट वाकून राहिला, मग भिंतीला हात टेकत हळूहळू सरळ झाला.

"नाही उचलत, सर," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मनाई केलीय." आणि आपण निघून चाललोय हे त्याला दाराबाहेर पडल्यावर कळलं.

दिवसभर दुकानात त्याच्या हातून एकही शिलाई सरळ पडली नाही. शाळा सुटायच्या वेळी तो आला, तर मुख्याध्यापक बाहेर शिपायाच्या स्टुलावर बसून सह्या करत होते. त्यांनी मान वर केली नाही. मुलगी आत त्याच खुर्चीत होती, हाताला खडू लागलेला.

"काय झालं गं?"

"गणित झालं. इतिहासाच्या बाई नाही आल्या."

"मग उद्या?"

"उद्या पहिला तास इतिहासाचा आहे," ती म्हणाली. "लवकर येऊ."