नारूची बारव

नांदूरघाटापासून कोसभरावर खडकवाडी नावाची लहानशी वस्ती होती. निजामाच्या राज्यातल्या त्या भागात बैलगाडीच्या चाकोरीशिवाय दुसरा रस्ता नव्हता, आणि वाडीला पाण्यासाठी एका बारवेशिवाय दुसरा आसरा नव्हता. ती बारव अर्जुनराव पाटलांच्या आज्यानं बांधलेली. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या. बाया घागर घेऊन खाली जायच्या, घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवून वर यायच्या. वाटसरू ओंजळीनं पाणी पिऊन बांधणाऱ्याला दुवा द्यायचे.

पण दरवर्षी पेरणीचे दिवस जवळ आले की वाडीतल्या घराघरांत कुणी ना कुणी बाजेवर पडलेलं असायचं. कुणाच्या घोट्यावर, कुणाच्या पोटरीवर फोड यायचा, अंगार ठेवल्यासारखी आग व्हायची, फोड फुटायचा आणि आतून सुतासारखा पांढरा किडा तोंड बाहेर काढायचा. नारू. हात-दीड हात लांबीचा तो किडा पुरता बाहेर यायला कधी कधी महिना लागे. तोवर माणसाला पाय टेकवत नसे. पाऊस पडून जायचा आणि औत धरायला धडधाकट गडी मिळायचा नाही. वाडीला त्याची इतकी सवय झाली होती की लोक उन्हाळ्याबरोबर नारूही येणारच असं धरून चालत.

पाटलांची सून सत्यभामा माजलगावकडची, सिंदफणेच्या काठची. तिच्या माहेरी नारू कुणी पाहिलेला नव्हता. बद्रीनाथशी लग्न होऊन ती खडकवाडीला आली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या घोट्यावर फोड आला.

सासूनं, छबुबाईनं, लगेच नांदूरघाटला निरोप धाडला. तिथल्या दिलावर गवंड्याची बायको आमिनाबी नारू काढण्यात तरबेज होती. ती किड्याचं टोक बारीक काडीला गुंडाळायची आणि रोज थोडा थोडा पीळ देत त्याला बाहेर काढायची. जोर लावायची नाही, घाई करायची नाही.

"रडू नको बेटा," ती सत्यभामेला म्हणाली. "दुपारची बारवंवर जात जा. पाय पान्यात सोडून बस. गारव्यानं आग बी कमी होती अन् किडा बी ढिला पडतो."

हे ती सगळ्यांनाच सांगायची. त्यामुळे उन्हाळ्यात बारवेच्या खालच्या पायरीवर दुखणाईतांची रांग बसलेली असायची, पाण्यात पाय सोडून. त्यांच्या शेजारीच बाया घागरी भरायच्या.

काही दिवस बरे गेले. मग एकदा पायऱ्या चढताना सत्यभामेचा तोल गेला, काडी दगडात अडकली आणि किडा तुटला. उरलेला आत गेला. संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला, आणि सकाळी ती तापानं बडबडू लागली.

आमिनाबीनं पाय पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "पाटील, हे आता माझ्या हातचं न्हाई ऱ्हायलं. बीडच्या दवाखान्यात न्या."

अर्जुनरावांनी मान फिरवली. पाटलाच्या सुनेनं परक्या पुरुषापुढं पाय करायचा, हे त्यांना पटत नव्हतं. छबुबाईनं नवऱ्याकडे न पाहताच मुलाला हाक मारली. "बद्री, गाडी जुप. आमिनाबी, तुमी संगं जावा. पोरगी घाबरंल."

दवाखान्यात डॉक्टर कय्युम म्हणून हैदराबादहून आलेले तरुण डॉक्टर होते. त्यांनी गळू फोडलं, पू काढला, जखम धुऊन पट्टी बांधली. दोन-चार दिवसांत ताप उतरला. तेव्हा त्यांनी आमिनाबीला बोलावलं. आपल्या सांगण्यावरून पोरगी बारवेवर गेली आणि किडा तुटला म्हणून आता बोलणी खावी लागणार, असं समजून ती पदर सावरत उभी राहिली.

"तुम्ही तो कसा गुंडाळता, मला दाखवा," डॉक्टर दख्खनी उर्दूत म्हणाले.

तिनं सुताच्या धाग्यावर करून दाखवलं. ते लक्ष देऊन बघत राहिले. "यापेक्षा चांगला इलाज माझ्याकडेही नाही," ते म्हणाले. "फक्त हात आणि जखम उकळलेल्या पाण्यानं धूत जा. बरं, मला एक सांगा. तुमच्या भागात हा नारू कुणाला होतच नाही, असं कुणी आहे का?"

आमिनाबी विचारात पडली. आजवर तिनं कुणाला होतो एवढंच पाहिलं होतं. "खडकवाडीत महारवाड्यात मला कोनी बोलवत न्हाई, साहेब. मला वाटायचं, लाजत असतील. पन आता तुमी इचारलं म्हनून आठवतं, तिथं लंगडताना कोनी दिसलं न्हाई."

"ते पाणी कुठलं पितात?"

बाजेवरून सत्यभामाच बोलली. "नदीच्या वाळूतल्या झऱ्याचं. बारवंला शिवायची त्यांना बंदी हाय."

डॉक्टर बाजेजवळ आले. मग त्यांनी विचारलं, "बारवेचं पाणी आणलंय का कुणी बरोबर?"

वाटेत प्यायला म्हणून घरून आणलेल्या कळशीत तळाशी थोडं उरलं होतं. डॉक्टरांनी ते औषधाच्या पारदर्शक काचेच्या बाटलीत ओतलं आणि खिडकीतल्या उन्हात धरलं. "बघा."

सत्यभामेनं पाहिलं. पाण्यात रव्याच्या कणाहून लहान पांढरे ठिपके होते, आणि ते टुणटुण उड्या मारत होते. जन्मभर ती पितळेच्या तांब्यानं पाणी पीत आली होती. पितळेत हे कधी दिसलंच नव्हतं. मग डॉक्टरांनी त्यातला एक ठिपका काचेच्या पट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली ठेवला आणि तिला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात एक पारदर्शक जीव दिसला, आणि त्याच्या पोटात वेटोळं घालून हलणारा एक बारीकसा दोरा.

तिनं डोळा काढून घेतला. पुन्हा लावला.

"हा नारूचा बच्चा," डॉक्टर म्हणाले. "पाण्याबरोबर हा पोटात जातो. वर्षभर अंगात वाढतो, मग पायातून बाहेर निघतो. आणि पायाला गार पाणी लागलं की नारू आपली हजारो पिलं त्या पाण्यात सोडतो. त्या पिलांना हे ठिपके खातात, ठिपके पुन्हा माणूस पितो."

आमिनाबीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! मीच सांगत आले की हो सगळ्यांना, पान्यात पाय सोडून बसा म्हनून."

"पाय पाण्यात बुडवा, हे बरोबरच आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "बारवेत बुडवू नका, एवढंच. घरी घंगाळात, घमेल्यात बुडवा आणि ते पाणी तापल्या मुरमावर ओता. पिलं तिथंच मरतील. आणि पिण्याचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळा. ठिपका फडक्यात अडकतो. पण एक लक्षात ठेवा. ज्यांनी आधीच ते पाणी प्यायलंय, त्यांना पुढच्या उन्हाळ्यात नारू होणारच. त्याला माझ्याकडं औषध नाही. धीर सोडू नका."

सत्यभामा ती बाटली घेऊन घरी आली. तिनं बारवेचं पाणी भरून छबुबाईला उन्हात दाखवलं, मग तेच पाणी फडक्यातून गाळून दाखवलं. दुसऱ्या वेळी पाणी स्वच्छ होतं. छबुबाईनं त्याच दिवशी आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे फाडले आणि शेजारपाजारी वाटले. वाडीतल्या बाया एकामागून एक बाटली बघायला आल्या. काही जणींना ओकारी आली. त्या दिवसापासून प्रत्येक घागरीवर फडकं चढलं.

आमिनाबीनंही आपल्या परीनं नेम घालून दिला. "माझा हात पायजे आसंल, तर बारवंत पाय घालायचा न्हाई," ती म्हणायची. तिच्यावाचून कुणाचं भागत नव्हतं, त्यामुळे लोक कुरकुरत का होईना, घरी बसून घमेल्यात पाय बुडवू लागले.

अर्जुनरावांना मात्र यातलं काहीच आवडलं नाही. "माज्या आज्याच्या पुन्याईचं पानी हाय ते," ते बद्रीनाथला म्हणाले. "त्यात किडे हायेत म्हनून गावभर दाखवती तुजी बायको?" पण सून ओसरीवर नसताना त्यांनी बाटली उचलून उन्हात धरली होती, हे छबुबाईनं आतून पाहिलं.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. पुढचा उन्हाळा आला आणि वाडीत पुन्हा नारू निघाले. जवळजवळ आदल्या वर्षीइतकेच.

लोक चिडले. पाटलांच्या ओसरीवर बैठक बसली. रामकिसन नावाचा शेतकरी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आला होता. त्याच्या दोन्ही पायांना पट्ट्या होत्या.

"वरीसभर बायकोनं पानी गाळून पाजलं," तो ओरडला. "हे बगा! कावून ऐकायचं आमी? आजपासून फडकं बंद. दुखनाईतानं गार पान्यात बसायचं न्हाई तर कुठं जायचं?"

अर्जुनराव म्हणाले, "मी आधीच म्हनलो होतो."

सत्यभामा दाराआड उभी होती. सासऱ्यांसमोर, चारचौघांत ती आजवर बोलली नव्हती. आत बाजेवर छबुबाई पाय घंगाळात सोडून बसली होती. त्या वर्षी तिलाही नारू निघाला होता, तोही टाचेत. वेदनेनं तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बोल की," छबुबाई हळूच म्हणाली. "मी हाय."

सत्यभामेनं पदर पुढं ओढला आणि दाराआडूनच आवाज चढवला. "मामा, हे नारू मागल्या उन्हाळ्यातल्या पान्याचे हायेत. फडकं बांधायच्या आदीच ते पोटात गेलते. डाक्टरांनी तवाच सांगितलं होतं, एक वरीस भोगावं लागंल. औंदा ज्यांचे निगाले, त्यांचा एक बी पाय बारवंत गेला न्हाई, तर पुढं नारू येनार कुटून?"

"डाक्टर सांगतो! खरं कशावरून?" रामकिसन म्हणाला.

ओसरीखाली अंगणात महारवाड्यातला येसकर म्हाळू काठी घेऊन उभा होता. सत्यभामेनं विचारलं, "म्हाळूदादा, तुमच्या आळीत किती जनांला नारू हाय?"

सगळे वळून बघू लागले. म्हाळू गडबडला. "आमच्यात न्हाई, वैनीसाब. कवाच कोनाला न्हाई."

"कावून न्हाई, मामा?" सत्यभामा थांबली नाही. "ऊन तेच, माती तीच. पानी तेवढं येगळं. आपुन त्यांला बारवंला शिवू दिलं न्हाई, म्हनून ते वाचले."

रामकिसन आपल्या पट्ट्यांकडे बघत राहिला. म्हाळू मात्र हलकेच हसला. "आमचा झराच बरा म्हनायचा, पाटील."

तेवढ्यात आतून छबुबाईचं कण्हणं ऐकू आलं. अर्जुनराव उठून आत गेले. बायको घंगाळात पाय सोडून, बाजेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

"लई दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय की."

"बारवंवर नेऊ का? तिथं गार वाटंल."

"न्हाई." तिनं मान हलवली. "मी तितं पाय घातला, तर पुढल्या वर्सी हे दुखनं माज्या नातवाला. ते घंगाळ तेवडं रिकामं करा. मुरमावर."

सत्यभामेला तेव्हा तिसरा महिना लागला होता. अर्जुनरावांना ते ठाऊक नव्हतं. ते बायकोकडे बघत राहिले. मग पाटलानं स्वतः घंगाळ उचललं, ओसरीवरच्या साऱ्या माणसांदेखत बाहेर नेलं आणि तापल्या मुरमावर पाणी ओतलं. जमिनीतून वाफ आली. तिथंच उभं राहून ते बद्रीनाथला म्हणाले, "नांदूरघाटाहून दिलावरला बलाव. बारवंच्या पायऱ्या बंद करायच्या."

दिलावर आला. त्यानं पायऱ्यांच्या वरच्या तोंडाशी दगडचुन्याची भिंत घातली, काठाला कठडा केला, वर लाकडी चाक बसवलं. आता पाण्यात कुणालाच उतरता येईना. दोर सोडायचा, पोहरा ओढायचा. पहिले काही दिवस बायांचे तळहात सोलून निघाले आणि त्यांनी दिलावरला पोटभर शिव्या दिल्या. अर्जुनराव रोज सकाळी कठड्याशी येऊन उभे राहायचे, आज्याच्या पायऱ्या आधी जिथं दिसायच्या त्या जागेकडे बघायचे. पण भिंत पाडा असं ते कधी म्हणाले नाहीत.

पुन्हा एक वर्ष सरलं. सत्यभामेला मुलगी झाली. उन्हाळा चढू लागला तसं वाडीतलं प्रत्येक माणूस गुपचूप आपले पाय चाचपू लागलं. कुणाला डास चावला तरी घरचे धावून यायचे. रामकिसनच्या बायकोनं तर काटा रुतल्याच्या फोडासाठी आमिनाबीला बोलावणं धाडलं होतं.

मिरगाच्या तोंडावर आमिनाबी आपल्या काड्या आणि सूत घेऊन वाडीत आली. नेहमीप्रमाणे ती दारोदार फिरली. एकाच घरी थांबावं लागलं. तिथला गडी मागल्या उन्हाळ्यात लग्नाला पाहुण्यांच्या गावी गेला होता, तिथल्या बारवेचं पाणी प्यायला होता. बाकी बाजा भिंतीला उभ्या केलेल्या होत्या. शिवारात औतं चालू होती, आणि रामकिसन दोन्ही पायांवर उभा राहून बैलांवर ओरडत होता.

आमिनाबी पाटलांच्या घरी आली तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना. छबुबाईनं तिला अंगणात बसवून भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. अर्जुनराव शेतातून आले, हातपाय धुतले आणि तिला म्हणाले, "आमिनाबी, तुमाला आता आमच्या वाडीत काम न्हाई ऱ्हायलं बगा."

"खुदाची मेहरबानी, पाटील. पन काम लई पडलंय. युसूफवडगावाकडं एका वाडीत निम्मं गाव झोपलंय. तितं बी अशीच बारव हाय. मी सांगून बगितलं, पन म्हातारीचं कोन ऐकतंय? सून द्या तुमची, चार दिसासाठी. दुर्बिनीत बगितलेली बाई म्हनली, तर ऐकतील."

सत्यभामा दारात उभी होती, कडेवर मुलगी. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते सुनेशी थेट बोलले.

"जा. बद्रीला गाडी जुपाय सांग. अन् दिलावरला बी संगं घ्या. तितला पाटील पायऱ्या बुजवायला तयार झाला न्हाई, तर मला बलवा. मी येऊन सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. पोरीला छबुबाईनं ठेवून घ्यायचं म्हटलं होतं, पण ती अंगावर पिणारी, म्हणून ती आईच्या मांडीवरच होती. गाडी शिवाराच्या वळणाला लागली तेव्हा आमिनाबीनं सत्यभामेला विचारलं, "भ्या वाटतं का गं, परक्या गावात बोलायचं?"

"वाटतं की," सत्यभामा म्हणाली, आणि पोरीच्या डोक्यावर पदर धरून समोरच्या रस्त्याकडे बघू लागली.