रखडलेला अपडेट आणि प्रेमाअव्वांचे कान

सलग तिसऱ्या सकाळी माझ्या कॉम्प्युटरनं तोच निरोप दिला: अपडेट पूर्ण होऊ शकले नाहीत, केलेले बदल मागे घेतले जात आहेत, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. एवढं करून वर ‘कृपया’! मी टेबलावर अशी काही थाप मारली की बाहेर बाकावर बसलेले लोक दचकले. ऐकायला कमी येणारे लोक दचकले म्हणजे थाप किती जोराची असेल ते समजून घ्या.

मी राजनंदिनी. उमरग्यात हायवेपासून एक गल्ली आत माझं कान तपासणीचं केंद्र आहे. कान तपासायचे, ज्याला लागेल त्याला कानाचं मशीन बसवायचं आणि त्या माणसाला जेवढं कमी ऐकू येतं त्या हिशेबानं ते मशीन कॉम्प्युटरवरून जुळवून द्यायचं, हे माझं काम. हे जुळवणं झालं नाही तर कानाचं मशीन म्हणजे नुसतं प्लास्टिक. ते कॉम्प्युटरला जोडायचा माझा डबा जुना आहे आणि तो फक्त जुन्याच विंडोजला ओळख देतो. नवीन कॉम्प्युटर लावून पाहिला तर तोंड फिरवून बसला. त्यामुळे ही म्हातारी विंडोज मी सांभाळून होते.

अडचण अशी झाली की मशीनच्या कंपनीनं नियम बदलला. ज्या कॉम्प्युटरवर सुरक्षेचे अपडेट नाहीत, त्याला त्यांचं सॉफ्टवेअर जोडूनच घेईना. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण वेळ चुकीची होती. कारण त्या आठवड्यात माझ्याकडे प्रेमाअव्वा होत्या.

प्रेमाअव्वा म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. खाली माझं केंद्र, वर त्या आणि त्यांचे यजमान गुंडप्पा, ज्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. अव्वांचं ऐकणं कित्येक वर्षांपासून गेलेलं. हळूहळू त्यांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं, मग शेजारी बसणं सोडलं, आणि आता बोलणंही सोडत चालल्या होत्या. मशीनला त्या तयार होईपर्यंत माझी आणि अप्पांची जीभ झिजली. एकदाच्या तयार झाल्या, मशीनं आली, आणि नेमका कॉम्प्युटर आडवा झाला. रोज सकाळी अव्वा मशीनची डबी हातात घेऊन जिना उतरायच्या, बाकावर बसायच्या, माझा चेहरा पाहायच्या आणि परत वर जायच्या.

त्या तिसऱ्या सकाळी मात्र त्यांनी डबी माझ्या टेबलावर ठेवली. “परत धाड पोरी,” त्या म्हणाल्या. “माझ्या नशिबात न्हाय ते. तुला तरी किती तरास.”

मला रडूच फुटायचं बाकी होतं. अव्वा एकदा मागे फिरल्या तर पुन्हा वळणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘उद्या सकाळी नक्की.’ त्यांनी वाचलं, मान हलवली आणि निघून गेल्या. डबी टेबलावरच राहिली.

मग मी नंदीशला फोन लावला. नंदीश माझा शाळेतला वर्गमित्र, आता पुण्याला कंपनीत कॉम्प्युटरच बघतो. तीन दिवस तो जेवणाच्या सुट्टीत माझं डोकं खाणं सहन करत होता. त्याच्या सांगण्यावरून मी तारीख-वेळ तपासली होती, डिस्कवर जागा केली होती (माझ्या लग्नाचा व्हिडिओ गेला पेनड्राइव्हवर), अर्धवट उतरलेले अपडेट पुसून पुन्हा उतरवले होते, आधी छोटा आणि त्यानंतरच मोठा असा क्रमही पाळला होता.

“उतरतायत नीट,” नंदीश म्हणाला. “बसताना अडतायत. तू ते बसवतेस कधी?”

“संध्याकाळी. दिवसा पेशंट असतात. शट डाऊन केलं की ती म्हणते, अपडेट बसवतेय, वीज तोडू नका. मी शटर ओढते आणि घरी जाते.”

“म्हणजे ती बसवताना तू कधी पाहिलंच नाहीस?”

“टक्के मोजत बसू?”

“आज बस,” तो म्हणाला. “राग आला तरी बस.”

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला. मी शट डाऊन केलं, शटर अर्धं खाली घेतलं आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. टक्के मुंगीच्या चालीनं वाढत होते. निम्म्यापर्यंत आले असतील, आणि एकदम अंधार झाला. यूपीएसची बॅटरी केव्हाचीच थकलेली. त्यानं दोन-चारदा पीं पीं केलं आणि मान टाकली. पडदा काळा.

“गेली लाइट!” मी शटरखालून वाकून बाहेर आले, आणि बघते तर समोरची पिठाची गिरणी चालू, पानटपरीवर दिवा लख्ख. अंधार फक्त माझ्याच केंद्रात. जिन्याखाली मीटरचा बोर्ड आहे, तिथं गेले. अप्पा उभे होते, नुकतीच अंघोळ झालेली, अंगावर ओला पंचा, आणि हात माझ्या लाइनच्या खटक्यावर.

“अप्पा! तुम्ही मेन पाडला?”

“व्हय. रोजच पाडतो की,” अप्पा अगदी सहज म्हणाले. “तू गेलीस की पाडायचा, तू यायच्या आत वर करायचा. आज अजून गेली न्हायस का तू?”

माझा तोल सुटला. तीन दिवस मी कंपनीला, विंडोजला, नंदीशला आणि माझ्या नशिबाला शिव्या घालत होते. त्या सगळ्या एकदम अप्पांवर ओतल्या. कोणाला विचारून पाडता, मी भाडेकरू आहे की कोण आहे, असं बरंच काही. मी थांबल्यावर अप्पा म्हणाले, “तुझ्या आधी इथं कोल्ड्रिंकवाला हुता. एकदा त्यो दुकान बंद करून गेला आन मागं फ्रीज पेटला. म्या कळंबला गेलतो. वर ही एकटी. जिन्यात धूर, सारी गल्ली दार बडवतेय, आन ही आत भाकरी थापतेय. ऐकूच येईना हिला. शेजारच्या सिद्धारामनं गच्चीवरनं उतरून बाहेर काढली. तवापासनं पूजेला बसायच्या आधी खाली यायचं आन दुकानाची लाइन पाडायची. त्याबिगर माझं ध्यानच लागत न्हाय.”

“मला सांगायचं तरी, अप्पा.”

“तुला कशाला भ्या घालायचं?”

मी तिथंच पायरीवर बसले. अव्वांना ऐकू येत नाही म्हणून हा माणूस रोज मेन पाडत होता, आणि मेन पडतो म्हणून अव्वांना ऐकू येण्याचं अडून बसलं होतं. हसावं की रडावं ते कळेना. मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. अप्पांनी खटका असा झटकन वर केला, जणू हाताला चटका बसला.

“किती येळ लागतंय त्याला?”

“ते तिलाच ठाऊक. पण संपेपर्यंत वीज जाता कामा नये.”

“मग म्या बसतो राखणीला,” अप्पा म्हणाले. वर गेले आणि चटई, भस्माची डबी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. इष्टलिंग तर गळ्यातच असतं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, रडतखडत त्यानं जुने बदल मागे घेतले, मी परत अपडेटला लावला; आणि त्याच्यासमोर जमिनीवर चटई टाकून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन, अप्पा पूजेला बसले. मी चपला बाहेर काढून कोपऱ्यात बसले. माझा राग कुठं गेला ते मलाही कळलं नाही. या माणसाच्या छताखाली आपल्याला जागा मिळाली याचं इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

शेवटी शेवटी पडदा एकदम काळा झाला. अप्पांनी एक डोळा उघडला आणि हळूच म्हणाले, “ह्या टायमाला म्या न्हाय हां.”

कॉम्प्युटर आपणहून पुन्हा सुरू होत होता, एवढंच. पडदा उजळला, आणि सगळे अपडेट बसले होते. मी सॉफ्टवेअर उघडलं. त्यानं निमूट जोडून घेतलं. नंदीशला फोन करून मी थँक्यू म्हटलं, तेही मनापासून. “तूच बोलतेयस ना?” तो म्हणाला. सगळं बंद झाल्यावर मीच अप्पांना म्हटलं, आता पाडा मेन.

सकाळी अव्वा आपणहून येणार नव्हत्याच. अप्पा त्यांना हाताला धरून घेऊन आले. मी टेबलावरची डबी उघडली, मशीनं कानात बसवली आणि कॉम्प्युटरवर एकेक आवाज हलकेच उघडत गेले. अव्वांचे डोळे मोठे झाले. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर गिरणीकडे.

अप्पांना राहवेना. ते अव्वांसमोर उभे राहिले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, “ऐकू येतंय का गं?”

अव्वांनी दोन्ही हात कानांवर नेले. “साकु, साकु! पुरे की! वरडताय कशाला? इथंच हाय की मी.”

अप्पा गोंधळले. बायकोशी हळू कसं बोलायचं हे त्यांना आठवेना. एकदा खाकरले, तोंड उघडलं, मिटलं. मग अव्वांच्या बाजूला बाकावर टेकले, थोडे झुकले आणि काहीतरी बोलले. माझे कान धडधाकट आहेत, आणि मी हातभर अंतरावर होते. पण मला एक शब्द ऐकू आला नाही.

अव्वांना आला. त्यांनी पदर सावरला, खाली पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “आणिक एकदा म्हणा.”