पाचव्या ओळीतला पाचवा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे, एकट्याने बसायचा. माझे लाकूड सेमाडोहच्या जंगलातले. अमरावतीच्या एका कॉलेजात आम्हा पंचवीस भावंडांना पाच ओळींत मांडले. मी शेवटच्या ओळीत, अगदी शेवटचा, भिंतीला लागून.

१९६२ साली माझ्यावर धर्मपाल बसू लागला. कौंडण्यपूरकडचा मुलगा. त्याच्या घरच्यांनी सहा वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता. पहिल्या दिवशी तो पुढे बसायला गेला, तर मुलांनी हटकत हटकत त्याला माझ्यापर्यंत आणले. त्याने रुमालाने मला स्वच्छ पुसले. तोवर मला कोणी पुसले नव्हते.

एकदा गणिताचे बापूसाहेब मॅट्रिक्स शिकवत होते. आकड्यांचा चौकोन असतो, त्याच्या आडव्या ओळी उभ्या करायच्या. मुलांना काही कळेना.

"मग तुम्हीच आकडे व्हा," ते म्हणाले. "पहिली ओळ डावीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत बसेल, दुसरी दुसऱ्या रांगेत. उठा!"

एकच गडबड उडाली. पहिल्या ओळीच्या टोकाची सिंधू पार मागे गेली, मागचे पुढे आले. धर्मपालही पुस्तके उचलून उभा राहिला. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तू कुठं निघालास?"

"पुढं, सर. सारेच उठले ना."

"पाचव्या ओळीतला पाचवा, पाचव्या रांगेतही पाचवाच. बस खाली! धर्म बदलला म्हणून जागा बदलत नसते."

वर्ग खदखदून हसला.

धर्मपाल उभाच होता. "हिशेब बरोबर हाये, सर. पण पहिल्या ओळीतला पहिला रविकांतबी हालला नाई. त्याले कावून नाई हासले?"

"चालता हो बाहेर!"

दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीवर कंपासच्या टोकाने कोरलेले होते, 'धर्मपालची कायमची जागा.' त्याने ते वाचले, भुसा झटकला आणि तो बसला. बापूसाहेब मात्र रोज हजेरीआधीच त्याला बाहेर काढू लागले. हजेरी भरली नाही, म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. तो पुन्हा दिसला नाही.

पुढच्या जूनमध्ये एक नवा मुलगा दारात उभा राहिला. बापूसाहेबांनी त्याचे आडनाव विचारले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, बाकावर काही कोरू नका. मी सागवान आहे, मला सोसते. पण माझ्यावर माणूस बसतो.