खळं ते खळंच

अरे ऐका ना, शनिवारी आपल्या गास गावच्या हॉलात काय झालं ते सांगते. सकाळी मी नि हिलरी अंकल आदल्या दिवशीच्या हळदीचे डाग घासत होतो. हॉल गावाचा, पगार कोणालाच नाय. जो एकदा ‘मी बघतो’ म्हणाला तो अडकला. अंकलची कंबर धरलेली, त्यात घरच्या वाडीचं काम पडलेलं. “घरचं झालं थोडं,” ते फरशीशीच बोलत होते, “नि व्याह्यानं धाडलं घोडं.”

तर घोडं आलंच. टेम्पो. मागे भाताचे भारे, नि पुढे ड्रायव्हरशेजारी आनंदीकाकी, मांडीवर विळा.

“हिलरी, दोनी दारं उघड. आभाळ बघ.”

समुद्राकडून आभाळ काळंच होत आलेलं. दिवाळी तोंडावर आलीय नि पाऊस. पण त्याला आता कोण विचारतंय.

“काकी, आज हितं बारसं हाय.”

“मंग? हॉल कुनाच्या खळ्यावर हाय?”

ते खरंच. जागा काकीच्या सासऱ्यांची, भात झोडायचं खळं. गावाला देताना म्हातारा एकच बोललेला, कापणीत पाऊस आला तर आधी भात आत. तेव्हा सगळ्या गावाचं भात होतं. आता आपल्यातली ही एकटीच लावते, म्हणून ते बोलणं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

तेवढ्यात रिक्षातून संपदाताई उतरल्या, पलीकडच्या टॉवरमधल्या. कडेवर बाळ, हातात फुगे, मागे नवरा पाळणा घेऊन.

“उन्नती,” त्या मला म्हणाल्या, “आमचं बुकिंग आहे ना गं? मग हे गवत कशाला?”

“गवत,” काकी म्हणाली. “बाय, सकाळी काय खाल्लंस?”

“पोहे.”

“ते ह्याच गवताला लागतात.”

मग जे सुरू झालं. ताई बुकिंग म्हणतायत, काकी सासरा म्हणतेय, नि दोघी बघतायत अंकलकडे. अंकलनी पोछा बादलीत टाकला.

“मलाच बोला. हॉल काय मी हुंड्यात घेतलाय? ही चावी घ्या. मी चाललो घरी.”

चालले, नि पायरीवरच बसले. कंबर पुढे जाऊ देईना.

नि थेंब आले. मोठाले. काकी टेम्पोतून खाली उतरली, पदर काढून समोरच्या भाऱ्यावर पसरला. अख्खा टेम्पो भात नि एवढासा पदर.

“भिजलं तर कोंब फुटतील,” ती हळू म्हणाली. “माझं वर्साचं खानं हाय.”

ताईंनी तो पदर बघितला. मग बाळ माझ्या हातात कोंबलं.

“स्टेज आम्हाला. बाकीच्या हॉलात भात घ्या. चला, लवकर.”

मग काय, बारशाची मंडळी पोचलीच होती. भरजरी साड्या खोचून पाहुण्या भारे उचलतायत, मामा-काका टेम्पोवर चढलेत, अंकल एक हात कंबरेवर ठेवून सगळ्यांना शिव्या घालत वाहतायत. बारसं झालं. वर फुगे, खाली भात. भाऱ्यातून बेडूक निघाला तो थेट पाळण्याखाली. आत्या खुर्चीवर चढली ती उतरेचना, शेवटी बाळालाच वर दिलं, तिथूनच तिनं कानात कुर्र केलं. नि सगळे भाऱ्यांना टेकून फोटो काढतायत.

पाऊस काही हटला नाय. झोडणीपण हॉलातच झाली. पंख्यात तूस, पडद्यात काड्या, माझं नाक अजून गळतंय. झाडतोय नि झाडतोय, तरी निघतंच आहे.

काल फोन आला. कोणत्यातरी बाईंनी फोटो बघितलेले. त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला ते भाताचं डेकोरेशन मिळेल का?

अंकलनी फोन हातानं झाकून काकीला विचारलं. काकी कोपऱ्यात भात पाखडत होती. सूप थांबवलं नाय तिनं.

“देऊ की. पुढल्या वर्साला. पन म्हनावं, लावनीला यायला लागंल.”

अंकलनी तसंच सांगितलं. बाई म्हणाल्या, घरी विचारून सांगते.

अंकलनी फोन ठेवला नि झाडू माझ्याकडे सरकवला.