चतुराबाईची खुर्ची

दर्यापूरच्या मैदानात मांडव फुटायची वेळ आली होती. बाबा म्हणे लंगड्यांना चालवतो! जिपा भरभरून माणसं येत होती. कापसानं दोन वर्षं सगळ्यांना रडवलं, पण बाबाच्या गळ्यातले हार काही कमी झाले नव्हते.

आमच्या गावचा जानरावही आईला पाठुंगळी घेऊन आला होता. चतुराबाईचे पाय अर्धांगवायूनं गेलेले. मोरीपर्यंतही ती सरपटत जाई. तिच्या चाकाच्या खुर्चीसाठी ताहेरभाई सायकलवाल्यानं घरोघरी फिरून वर्गणी जमवली होती. ती आता जानरावच्या खिशात होती, बाबाच्या पायांवर घालायला!

"काहून रे?" मांडवाबाहेर मी त्याला अडवलं. मी त्याची शाळेतली बाई.

"बाई, बाबा म्हणते, घरात खुर्ची आली का पाय कायमचे गेले समजा. मायले चालवते तो."

"त्यापेक्षा तुझं डोकं चालवलं असतं तर बरं झालं असतं!"

तो ऐकेना. मी चिडून त्याच्यामागून आत शिरले. माझे गुडघे दुखतात, म्हणून हातात काठी. दारातच एका सेवेकऱ्यानं चाकाची खुर्ची पुढे केली. "दमल्या असान माय, बसा." मी बसले. मेल्यानं मला थेट पहिल्या रांगेत नेलं. तिथे सगळे तशाच चाकांच्या खुर्च्यांत. चतुराबाई मात्र पार मागे, पोत्यावर.

बाबा माझ्याकडे हात करून गरजला, "वर्षानुवर्षं जखडलेली ही माऊली! ऊठ!"

मी उठले. न उठायला काय झालं होतं? मांडव जयजयकारानं दणाणला. शेजारचे आजोबाही उठले. त्यांना तर मी मघाशी काठी टेकत जीपमधून उतरताना पाहिलं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काठी दिसली की खुर्चीत बसवायचं आणि मग उठवून दाखवायचं. एवढीच या भामट्याची सिद्धी!

बाबानं माईक पुढे केला. "सांग माऊली, कसं वाटते?"

"मी चालतच आले होते. खुर्चीत तुझ्या माणसानं बसवलं. खरी पांगळी तिकडे पोत्यावर बसली आहे. तिला उठव!"

माईक बंद पडला. पण माझा आवाज भरलेल्या वर्गावर तयार झालेला. तो शेवटपर्यंत पोचला.

"तिची श्रद्धा कमी पडून राहिली," बाबा पुटपुटला.

मागून चतुराबाई ओरडली, "मले उठवू नोको रे बाबा! लोकायनं खुर्चीसाठी पैसे देल्ले, ते खुर्ची तेवढी येऊ दे!"

जानरावनं खिसा घट्ट धरला आणि आईला पाठीवर घेतलं.

आठवड्यात खुर्ची आली. चतुराबाई स्वतः चाकं फिरवत मोरीपर्यंत गेली आणि जानरावला म्हणाली, "तू बाहीर थांब." किती वर्षांनी तिनं दार आतून लावलं!

बाबांनो, खुर्चीतून कोणी उठताना दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: त्याला खुर्चीत बसवलं कोणी?